‘इट हॅपन्ड वन नाइट’ गावच्या खळ्यात कसा दाखवावा

रात्रीच्या एसटीने मुंबईहून वेंगुर्ल्याला येताना कशेडी घाटात शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर ज्याची मान एकदा तरी कलंडली आहे, त्याला ‘इट हॅपन्ड वन नाइट’ हा चित्रपट परका वाटण्याचे कारण नाही. १९३४ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला, फ्रँक कॅप्राने दिग्दर्शित केलेला, पावणेदोन तासांचा हा कृष्णधवल बोलपट. मायामीहून न्यूयॉर्कला निघालेल्या रात्रीच्या बसमध्ये एक हट्टी श्रीमंत मुलगी आणि एक नुकताच नोकरी गमावलेला वार्ताहर शेजारी शेजारी बसतात आणि तिथून पुढे जे घडते, ते नव्वद वर्षांनंतरही जुने झालेले नाही. आमच्या वाचनालयाने वेंगुर्ला तालुक्यातल्या एका घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, तो दोनदा दाखवला. पहिल्यांदा तो फसला आणि दुसऱ्यांदा मनासारखा जमला. ज्यांना आपल्या गावात तो दाखवायचा आहे, त्यांच्यासाठी त्या दोन्ही रात्रींतून शिकलेले सारे इथे लिहीत आहे.

पहिल्या वेळी चूक माझीच होती. इंग्रजी संवाद लोकांना कळणार नाहीत या काळजीने मी दर पाच-दहा मिनिटांनी चित्रपट थांबवून मराठीत अर्थ सांगत होतो. विनोदाचा जीव वेळेत असतो. पात्राने वाक्य टाकले की समोरच्याचा चेहरा बदलण्याआधीचा जो अर्धा क्षण असतो, तिथे हसू फुटते आणि नेमका तोच क्षण मी दर वेळी कापून टाकत होतो. अर्ध्या तासात मुले उठून गेली, तासाभरात बाया घरच्या कामाचे निमित्त काढून निघाल्या. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की, पार्श्वभूमी आधी सांगावी, आपल्या भाषेत सांगावी, पंधरा मिनिटांत सांगावी आणि चित्रपट सुरू झाल्यावर सांगणाऱ्याने गप्प बसावे. सिंधुदुर्गात ही रीत नवी नाही. दशावतारात आडदशावतार आधी होतो आणि मग आख्यान लागते. एकदा आख्यान लागले की मध्ये कोणी उठून त्याचा अर्थ सांगत बसत नाही.

सर्वांत आधी परवानगीचे पाहावे. डीव्हीडी विकत घेतली किंवा ऑनलाइन भाड्याने चित्रपट घेतला, तरी तो घरी पाहण्यापुरता असतो; गाव जमवून दाखवणे हा वेगळा हक्क आहे आणि तिकीट लावले नाही म्हणून तो आपोआप मिळत नाही. हा चित्रपट कोलंबिया कंपनीचा असून कोलंबिया १९८९पासून सोनीच्या मालकीची आहे. अमेरिकेत त्याचे हक्क २०२९ सालाच्या अखेरपर्यंत शाबूत आहेत. त्यामुळे जाहीर खेळ करण्यापूर्वी लेखी विचारणा करावी आणि उत्तर येण्यास वेळ लागतो हे धरून तीन-चार महिने आधी पत्र पाठवावे. तेवढा खटाटोप करायचा नसेल तर आपल्याच घरात, आपल्याच माणसांत तो पाहावा. पुढची बहुतेक कृती तिथेही तशीच लागू पडते.

त्यानंतरचे काम म्हणजे सांगणाऱ्याने स्वतः चित्रपट किमान दोनदा पाहणे. पहिल्या वेळी नुसता आनंद घ्यावा. दुसऱ्या वेळी वही घेऊन बसावे आणि आपल्या गावच्या माणसाला कुठे अडेल ते टिपावे. कथा थोडक्यात अशी आहे. एली अँड्र्यूज ही एका धनाढ्य बँकरची मुलगी. वडिलांना न विचारता तिने किंग वेस्टली नावाच्या एका वैमानिकाशी लग्न केले आहे. वडील तिला स्वतःच्या बोटीवर अडकवून ठेवतात, तेव्हा ती पाण्यात उडी टाकून पळते आणि नवऱ्याकडे जाण्यासाठी न्यूयॉर्कची बस धरते. पीटर वॉर्न हा वार्ताहर त्याच बसमध्ये असतो. तिची बॅग वाटेत चोरीला जाते आणि जवळ पैसे फारसे उरत नाहीत. तिचा शोध लावणाऱ्यास वडिलांनी दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केलेले असते. पीटर तिला ओळखतो, पण बक्षिसासाठी तिला पकडून देत नाही. तिची हकिकत छापण्याचा हक्क आपल्याला मिळावा, एवढ्या बोलीवर तिला न्यूयॉर्कपर्यंत पोचवायचे कबूल करतो. प्रेक्षकांना एवढेच सांगावे. शेवट काय होतो आणि विशेषतः चादरीचे पुढे काय होते, हे कोणी कितीही विचारले तरी सांगू नये.

या चादरीविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण चित्रपटाचे सारे मर्म तिच्यात आहे. पावसाने पुढचा रस्ता बंद होतो, बस थांबते आणि दोघांना रस्त्याकडेच्या एका मुक्कामाच्या जागी एकाच खोलीत रात्र काढावी लागते. पैसे वाचवण्यासाठी पीटरने दोघांची नोंद नवरा-बायको म्हणून केलेली असते. मुलगी घाबरलेली आहे, पण भीती दिसू नये म्हणून ताठ उभी आहे. पीटर काही न बोलता दोन खाटांच्या मधोमध एक दोरी बांधतो आणि त्या दोरीवर ब्लँकेट टाकतो; हीच ती चादर. ‘जेरिकोची भिंत’ असे तो या आडोशाला नाव देतो. बाहेर पाऊस, आत दिवा मालवलेला आणि काचेवरच्या ओघळांचा उजेड खोलीत हलतो आहे. भिंतीच्या अलीकडे एक माणूस जागा, पलीकडे दुसरे. छायालेखक जोसेफ वॉकर याने एलीचे काम करणाऱ्या क्लॉडेट कोल्बेरच्या चेहऱ्यावर टाकलेला तो मऊ प्रकाश पाहण्यासाठी तरी पडदा आणि अंधार दोन्ही नीट हवेत. त्या रात्री आमच्याकडे पुढच्या रांगेत बसलेल्या एका आजींनी शेजारणीला सांगितले, “चादर बांधल्यान, म्हणजे झील बऱ्या घरचो आसा.” मुलगा चांगल्या घरचा आहे, असे त्यांचे म्हणणे. इंग्रजीचा एक शब्द न कळता त्यांनी पीटरला बरोबर ओळखले होते.

जेरिकोची गोष्ट मात्र आधी सांगावीच लागते. बायबलच्या जुन्या करारात यहोशवाच्या पुस्तकात ती आहे: जेरिको शहराला सहा दिवस रोज एक आणि सातव्या दिवशी सात प्रदक्षिणा घातल्या गेल्या, शिंगे फुंकली गेली, लोकांनी एकमुखाने गजर केला आणि तटबंदी कोसळली. हे माहीत नसेल तर पीटरच्या विनोदाची धार निम्मी होते आणि शेवटच्या प्रसंगाचा अर्थ लागतच नाही. वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडी या बाजूला ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शेजारच्या एखाद्या बाईंना किंवा गुरुजींना ही गोष्ट दोन मिनिटांत सांगण्याची विनंती करावी. आमच्याकडे एका निवृत्त शिक्षिकेने ती सांगितली आणि मुलांनी ती माझ्या तोंडून ऐकली असती त्यापेक्षा कितीतरी एकाग्रतेने ऐकली.

काळाची पार्श्वभूमी सांगताना मोठे व्याख्यान देऊ नये, पण एक गोष्ट चुकवू नये. १९२९च्या शेअर बाजाराच्या पडझडीनंतर अमेरिकेत महामंदी आली होती. १९३३ साली तिथल्या काम करू शकणाऱ्या माणसांपैकी सुमारे चौथा हिस्सा बेकार होता आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये देशातल्या सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या होत्या. हे डोक्यात असले म्हणजे बसमधला एक प्रसंग वेगळाच दिसतो. प्रवासी एकत्र गाणी म्हणत असतात, सगळी बस आनंदात असते आणि तेवढ्यात एका लहान मुलाचे रडणे ऐकू येते. त्याची आई भुकेने बेशुद्ध पडलेली असते. तिकिटाला पैसे दिल्यावर जेवणाला काही उरलेले नसते. दोघांजवळचे उरलेले पैसे त्या मुलाच्या हातात जातात आणि त्यानंतर त्या श्रीमंत मुलीलाही भूक म्हणजे काय ते कळते. गिरणी संपाच्या वर्षांत मुंबईहून हात हलवत गावी परतलेली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना हा प्रसंग कोणी समजावून देण्याची गरज नाही. गाजरांचा प्रसंगही याच धाग्यातला आहे: पीटर शेतातली कच्ची गाजरे खायला देतो, एली आधी नाक मुरडते आणि नंतर मुकाट्याने एक उचलते. मुलांना तिथे हसू येते, ते येऊ द्यावे.

चित्रपट बनला कसा, ही हकिकतही सांगण्यासारखी आहे. सॅम्युअल हॉपकिन्स अॅडम्सची ‘नाइट बस’ ही कथा १९३३ साली मासिकात आली आणि रॉबर्ट रिस्किनने तिची पटकथा केली. कोलंबिया त्या वेळी लहान कंपनी होती आणि मोठ्या स्टुडिओंचे नट तिथे काम करायला राजी नसत. पीटर झालेला क्लार्क गेबल एमजीएम या मोठ्या स्टुडिओकडून उसना आणलेला नट होता. कोल्बेर पॅरामाउंट स्टुडिओची. तिने कॅप्राच्या १९२७ सालच्या एका पडलेल्या चित्रपटात काम केले होते आणि त्याच्याबरोबर पुन्हा काम करण्याची तिला इच्छा नव्हती. पन्नास हजार डॉलर मानधन आणि चार आठवड्यांत चित्रीकरण पूर्ण, या अटींवर ती आली. म्हणजे ज्या दोघांनी पडद्यावर इतके मोकळे, इतके ताजे काम केले, त्या दोघांपैकी कोणीही आनंदाने सेटवर आलेले नव्हते. फेब्रुवारी १९३४मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये तो लागला आणि आठवड्यात उतरला. पुढे लहान शहरांतल्या चित्रपटगृहांत मात्र एकाने दुसऱ्याला सांगत तो चालत राहिला. २७ फेब्रुवारी १९३५च्या ऑस्कर समारंभात सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा असे पाचही प्रमुख पुरस्कार त्याला मिळाले. असे त्याआधी कधीच घडले नव्हते आणि त्यानंतर पुन्हा घडायला चार दशके जावी लागली. आपल्याला पुरस्कार मिळेल असे कोल्बेरला वाटतच नव्हते. ती प्रवासाला निघाली होती, तिला रेल्वे स्टेशनवरून बोलावून आणले गेले आणि प्रवासाच्याच कपड्यांत तिने पुरस्कार घेतला. ही गोष्ट आमच्या खळ्यात सर्वांत जास्त आवडली. गेबलने शर्टाखाली बनियन घातली नव्हती म्हणून अमेरिकेत बनियनचा खप घसरला, ही कथाही सर्वत्र सांगितली जाते, पण तिला आधार नाही. ती सांगू नये.

पंचावन्न-साठीच्या पुढची मंडळी आली असतील तर त्यांना आधी विचारावे की ‘चोरी चोरी’ कोणी पाहिला आहे. राज कपूर आणि नर्गिस यांचा १९५६ सालचा तो चित्रपट याच कथेवर उभा आहे. तरुणांना १९९१चा, आमिर खान आणि पूजा भट्ट यांचा ‘दिल है कि मानता नहीं’ आठवेल. एवढे सांगितले की कथा अर्धी ओळखीची होते आणि मग इंग्रजी संवादांची भीती राहत नाही.

आता जागा आणि साधने. पावसाळ्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, बाहेर खेळ ठेवता येत नाही आणि प्रोजेक्टरच्या भिंगावर दमट हवेने बुरशी धरते, म्हणून त्या दिवसांत यंत्र कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावे. शिमग्याच्या दिवसांत लोक मोकळे नसतात. चाकरमानी आलेले असतात तो मे महिना सर्वांत चांगला. मेमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणून पावणेआठला बोलणे सुरू करून आठला चित्रपट लावावा. कृष्णधवल चित्रातला रात्रीचा भाग चांदण्यातही फिका पडतो. काळोखी रात्र हवी, पण ऐन अमावास्येला वडीलधारी माणसे घराबाहेर पडत नाहीत, तेव्हा दोन-तीन दिवस पुढे-मागे करून तारीख ठरवावी. घरमालकांकडून ओटीवरचा आणि तुळशीजवळचा दिवा बंद करण्याबद्दल आधीच विचारून घ्यावे. तुळशीपुढची पणती मात्र असू द्यावी, तिने काही बिघडत नाही.

पडदा म्हणून जाड, पांढरी, इस्त्री केलेली चादर चालते. वरच्या कडेला बांबू घालून बांधावा आणि खालच्या कडेलाही तेवढाच जड बांबू ओवावा, नाहीतर खारा वारा सुटला की चादर शिडासारखी फुगते आणि चेहरे हलू लागतात. खालची कड जमिनीपासून किमान चार फूट वर ठेवावी, म्हणजे मागच्यांना उपशीर्षके दिसतात. तीन हजार ल्युमेन उजेडाचा प्रोजेक्टर आठ फूट रुंद चित्रासाठी पुरेसा आहे.

इथे एक गोष्ट मी हात जोडून सांगतो: चित्र ताणू नये. १९३४ सालचे चित्र जवळजवळ चौकोनी असते. उंची आठ धरली तर रुंदी अकरा. आजचे प्रोजेक्टर आडवे चित्र गृहीत धरतात आणि सेटिंग तपासले नाही तर ते चित्र दोन्ही बाजूंना ओढून पडदा भरतात. आमच्या पहिल्या रात्री असेच झाले. गेबलचा चेहरा थाळीसारखा पसरट दिसत होता, बसची चाके अंडाकृती झाली होती आणि ते माझ्या लक्षात आले तोवर उशीर झाला होता. प्रोजेक्टरच्या मेनूमध्ये चित्राच्या आकाराचे सेटिंग मूळ आकारावर किंवा चार-तीनवर ठेवावे आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणजे काम बरोबर झाले असे समजावे. संध्याकाळी एकदा एखादे चाक किंवा घड्याळ पडद्यावर थांबवून ते गोल दिसते का, हे पाहून घ्यावे.

आवाजासाठी लग्नातला मोठा साउंड लावू नये. या चित्रपटाचा आवाज एकाच मार्गाचा, माणसाच्या बोलण्याभोवती बांधलेला आहे. एकच बरा स्पीकर पडद्याच्या शेजारी ठेवावा, घुमणारा खालचा सूर पूर्ण उतरवावा आणि वरचा थोडा चढवावा. जवळच समुद्र असेल तर त्याची गाज संवादांत मिसळते. अशा वेळी खेळ घराच्या मागच्या अंगणात घ्यावा. वीज जाईल असे धरूनच चालावे. प्रोजेक्टर आणि स्पीकर दोन्ही इन्व्हर्टरवर जोडावेत. जनरेटरच्या धडधडीत हा चित्रपट ऐकू येत नाही.

मराठी उपशीर्षके स्वतः तयार करण्याचा मोह होतो, पण हक्कदारांच्या परवानगीशिवाय ते करू नये. आम्ही एका कागदावर मोठ्या अक्षरांत पात्रांची नावे, त्यांची नाती आणि पंधरा-वीस ओळींत कथेचा पूर्वार्ध छापून वाटला. शाळकरी मुलांनी तो आजी-आजोबांना वाचून दाखवला आणि त्या वाचण्यातच निम्मे काम झाले.

एक मध्यंतर ठेवावे, पण ते कुठेही ठेवू नये. मुक्कामाच्या जागी सकाळी एलीला शोधणारे गुप्तहेर येतात आणि ती दोघे क्षणार्धात भांडकुदळ नवरा-बायको असल्याचे सोंग वठवतात. एली रडते, पीटर ओरडतो, गुप्तहेर खजील होऊन निघून जातात आणि दोघे एकमेकांकडे पाहून पहिल्यांदाच मनापासून हसतात. तिथे थांबावे. चहा, चण्याची उसळ किंवा खाजे द्यावे. दहा मिनिटांत परत सुरू करण्यापूर्वी एवढेच सांगावे की, पुढे दोघांना बस सोडून पायी जावे लागणार आहे. रस्त्यावर अंगठा दाखवून गाडी थांबवण्याची पद्धत आता सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे पुढचा प्रसिद्ध प्रसंग आपोआप कळतो: पीटर अंगठ्याच्या तीन-तीन तऱ्हा शिकवतो, एकही गाडी थांबत नाही, मग एली रस्त्याच्या कडेला जाऊन स्कर्टचा काठ गुडघ्यापर्यंत उचलते आणि पहिलीच गाडी करकचून ब्रेक लावते. आमच्याकडे तिथे सर्वांत मोठे हसू बायकांच्या बाजूने आले.

काही गोष्टी लपवू नयेत. सुरुवातीला बोटीवर वडील मुलीला थप्पड मारतात आणि पुढे पीटरच्या तोंडी बाईला वठणीवर आणण्याची भाषा येते. त्या काळी पडद्यावर ते हसण्यावारी जाई. आज आपल्या मुली समोर बसलेल्या असताना ते तसेच जाऊ देणे मला योग्य वाटत नाही. खेळ संपल्यावर त्यांना थेट विचारावे. आमच्या इथल्या नववीतल्या एका मुलीने सांगितले की, चादर बांधणारा पीटर आणि तसे बोलणारा पीटर हे दोन वेगळे माणूस वाटतात. त्यावर बराच वेळ बोलणे झाले.

त्याच चर्चेत चादरीचा इतिहासही सांगता येतो. हॉलिवूडची नैतिक आचारसंहिता १९३० साली लिहिली गेली होती, पण तिचा कडक अंमल १९३४च्या जुलैपासून, म्हणजे हा चित्रपट लागल्यानंतर काही महिन्यांनी सुरू झाला. पुढची कित्येक वर्षे तिथल्या प्रेमकथांना जवळीक उघड दाखवता येत नव्हती आणि ती बंद दाराने, अर्धवट वाक्याने, दोन खाटांमधल्या अंतराने सुचवावी लागे. कॅप्राने ते सक्ती येण्याआधीच करून ठेवले होते.

चित्रपट संपल्यावर दिवे लगेच लावू नयेत. प्रोजेक्टरचा दिवा बंद केला तरी आतला पंखा थांबेपर्यंत वायर काढू नये. त्या दोन-तीन मिनिटांच्या अंधारात लोक आपोआप बोलू लागतात. दुसऱ्या रात्री एका काकांनी, कोकण रेल्वे येण्यापूर्वीच्या काळात, गणपतीला येताना रातराणीत आपल्याशेजारी बसलेल्या मुलीची हकिकत सांगितली. महाडला गाडी थांबली तेव्हा त्यांनी तिच्यासाठी चहा आणला होता आणि तिने पैसे देऊ केले म्हणून त्यांना राग आला होता. ती मुलगी, म्हणजे काकू, त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या आणि चहा थंड होता, असे त्यांनी सर्वांसमोर सांगितले. मी तोवर पडद्याच्या दोऱ्या सोडून चादरीची एक कड हातात धरली होती. दुसरी कड काकूंनीच येऊन धरली आणि आम्ही दोघांनी मिळून तिची घडी घातली.